ज्याची गोष्ट त्याच्या तोंडी



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना दोन फोन आले म्हणे. पहिल्याने विचारलं, असला विषय आपल्या व्याख्यानमालेत कशाला? असा एक फोन प्रत्येक व्याख्यानमालेच्या नशिबी असतोच, त्याचं काही नाही. दुसऱ्याने विचारलं, वक्त्या स्वतः ‘त्यातल्या’ आहेत का? संयोजकांनी काय उत्तर दिलं, ते मी विचारलेलं नाही. आणि आज मीही ते सांगणार नाही. थोडी चुळबूळ झाली, दिसली मला. असू द्या. ती तासभर सांभाळून ठेवा, कामाला येईल.

पत्रिकेवर प्रश्न छापला आहे: पारलिंगी माणसांनी उघडपणे जगावं, की आपला पूर्वेतिहास स्वतःपाशी ठेवावा? वादविवाद स्पर्धेला झकास विषय आहे. एक बाजूने, एक विरुद्ध, घंटा वाजली की खाली. पण मी वकिली करते आणि नावबदलाची, दाखल्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जात असतात. तिथे बसून हा प्रश्न असा दोन फाकांत कापलेला कधी दिसत नाही.

तर पहिला मुद्दा. हा प्रश्न आपण विचारतोय कुणाला?

‘तृतीयपंथी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर किंवा लोकलच्या डब्यात टाळी वाजवणारी व्यक्ती येते. ती आणखी किती उघडपणे जगणार? तिने लपवायचं ठरवलं तरी लपवायला जागा कुठे आहे? सीमाभागातला यल्लम्माचा जोगता घ्या. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवरून आलेला ‘जोगवा’ चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथेही ‘सांगू की नको’ असा प्रश्नच नाही. अंगावर लुगडं आलं, हातात परडी आली, गावाला कळलं, संपलं.

पण जरा थांबा. सिग्नलवरच्या त्या व्यक्तीचं गाव कोणतं? आईवडिलांनी ठेवलेलं नाव काय? शाळा कुठली? तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. जमातीत शिरताना, गुरूच्या पदराखाली जाताना नवं नाव मिळतं आणि जुनं मागे राहतं. म्हणजे गंमत बघा, आपल्याकडे जी माणसं सर्वांत जास्त दिसतात, त्यांचाच भूतकाळ सर्वांत कमी ठाऊक असतो. आणि तुमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर डबा उघडणारा, दाढी राखलेला एखादा ट्रान्स पुरुष असेल तर त्याचं बरोबर उलटं. आज तो चारचौघांसारखा, पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं लिहिलेलं. या दोघांना एकच उपदेश कसा लागू पडणार?

आता दुसऱ्या मुद्द्याकडे जाण्याआधी एक चरित्र सांगते. जरा लांब आहे, पण त्यातला एक धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो.

मायकेल डिलन. जन्म १९१५, लंडन. आयर्लंडमधलं सरदार घराणं, भावाकडे ‘सर’ ही वंशपरंपरागत पदवी. जन्माच्या वेळी नाव ठेवलं लॉरा. ऑक्सफर्डला शिक्षण, तिथे होड्यांच्या शर्यती. १९३९ मध्ये त्यांनी पुरुषी संप्रेरकं घ्यायला सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात ब्रिस्टलमधल्या एका गॅरेजमध्ये काम करत होते. १९४४ मध्ये जन्मनोंद बदलून घेतली. त्यानंतर सर हॅरल्ड गिलीज या नामांकित प्लास्टिक सर्जनने १९४६ ते १९४९ या काळात त्यांच्यावर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. स्त्रीदेहाने जन्मलेल्या व्यक्तीसाठी पुरुषाचा अवयव घडवण्याची ती जगातली पहिली शस्त्रक्रियामालिका मानली जाते. गिलीजनी रुग्णपत्रिकेत निदान लिहिलं ते मूत्रमार्गाच्या एका जन्मजात दोषाचं. डॉक्टरसुद्धा गुपितात सामील. आणि हे सगळं चालू असताना डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यक शिकत होते. लंगडताना कुणी विचारलं तर युद्धातली दुखापत म्हणून सांगायचे. १९५१ मध्ये डॉक्टर झाले, मग जहाजावर नोकरी. समुद्रावर शेजारीपाजारी नसतात.

गुपित फोडलं कुणी? शत्रूने नाही, मित्राने नाही. दोन पुस्तकांनी. ब्रिटनमध्ये सरदार घराण्यांच्या वंशावळी छापणारी दोन जाडजूड प्रकाशनं होती, डेब्रेट आणि बर्क. डेब्रेटने दुरुस्ती करून डिलन यांना भावाचा वारस म्हणून दाखवलं. बर्कमध्ये मात्र त्याच भावाला एक बहीणच राहिली. कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. १९५८ मध्ये बातमी फुटली. जहाज तेव्हा अमेरिकेतल्या बाल्टिमोरला होतं आणि वार्ताहर तिथपर्यंत पोचले.

डिलन यांनी काय केलं? नोकरी सोडली आणि भारतात आले. कलिंपोंगला संघरक्षित यांच्याकडे राहिले. हे नाव या सभागृहात काहींना चांगलं ओळखीचं आहे. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं तेव्हा नागपुरात शोकाकुल जनसमुदायाला धीर देत फिरलेले इंग्रज भिक्खू ते हेच. त्यांनी या डॉक्टरला नाव दिलं जीवक, बुद्धाच्या वैद्याचं. पुढे डिलन सारनाथला गेले, अभ्यास केला, पूर्ण भिक्खू व्हायचं ठरलं. आणि तिथेही पूर्वेतिहास आडवा आला. विनयाच्या नियमांत तृतीय प्रकृतीच्या व्यक्तीला उपसंपदा नाही. मग लडाखच्या रिझोंग मठात ते श्रामणेर झाले. स्वयंपाकघरात राबले, थंडीत कुडकुडले, आणि तो काळ बराच आनंदात गेला असं त्यांच्या लिखाणावरून दिसतं. मे १९६२ मध्ये डलहौसीला वारले. वय अवघं सत्तेचाळीस.

आता या गोष्टीचा अर्थ काय लावायचा? एक पक्ष म्हणेल, बघा, लपवून काय मिळालं? कायम धाक, कायम पळापळ. आधीच सांगून टाकलं असतं तर? दुसरा म्हणेल, तेव्हा सांगितलं असतं तर वैद्यकाचा प्रवेशसुद्धा मिळाला नसता. दोघांचंही खरं आहे. पण दोघांनाही न दिसणारी एक गोष्ट आहे. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी डिलन यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहून पुरं केलं होतं आणि प्रकाशनासाठी पाठवलं होतं. सगळं लिहिलं होतं त्यात. ज्या माणसाने वार्ताहरांपासून लांब पळण्यासाठी निम्मं जग ओलांडलं, त्यालाच आपली गोष्ट सांगायची होती! स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या वेळेला. ते हस्तलिखित अर्ध्या शतकाहून अधिक काळ पडून राहिलं आणि अलीकडे छापलं गेलं.

मला एवढंच म्हणायचं आहे आज. सांगणं वाईट नाही, न सांगणं वाईट नाही. वाईट हे, की दुसरा कुणीतरी उठतो आणि आपल्या वतीने सांगून टाकतो.

इथेच दुसरा मुद्दा येतो. लगेच कुणीतरी म्हणेल, पण बाई, न सांगणं म्हणजे फसवणूक नाही का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. घरमालकाला सांगायला नको? मुख्याध्यापकाला? सहकाऱ्याला?

१९१७ साली बडोद्याला काय झालं, ते या सभागृहात कुणाला नव्याने सांगायला नको. परदेशात शिकून आलेला एक तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला जातो. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरतो. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहतात आणि त्याला बाहेर काढतात. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. आज आपल्यातला एक तरी म्हणेल का, की बाबासाहेबांनी त्या पारशांना फसवलं? बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ मधल्या नायकाला कुणी चोर म्हणतं का? मुंबई-पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी आडनाव पुटपुटत सांगणाऱ्या माणसाला आपण लबाड म्हणतो का? नाही म्हणत. कारण आपल्याला कळतं, की खोटं बोलायला लावणारा दाराच्या आतल्या बाजूला उभा होता.

जात आणि लिंगभाव एक नाही, मी तसं म्हणतही नाही. काठी तेवढी एक आहे.

हां, लग्नाचं वेगळं. दर ठिकाणी हा प्रश्न येतो म्हणून आधीच उरकून टाकते. आयुष्य ज्याच्यासोबत काढायचं त्याला सांगावं, लग्नाआधी सांगावं, माझं मत स्पष्ट आहे. मूल होणार की नाही, औषधं कोणती चालू आहेत, हे जोडीदाराला कळायलाच हवं. पण तो हक्क जोडीदाराचा. चुलत सासऱ्यांचा नाही, कार्यालयाच्या मॅनेजरचा नाही, आणि बस्त्याला आलेल्या बायकांचा तर मुळीच नाही. कायद्याचं म्हणाल, तर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’मध्ये ट्रान्स स्त्री येते. ऑक्टोबर २०२३ च्या समलिंगी विवाहाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बाकी पुष्कळ मागण्या नाकारल्या, पण स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना आजच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं, हे मान्य केलं.

तिसरा मुद्दा सरकारचा. सरकारने या माणसांना काय शिकवलं? कधी उघड व्हा, कधी लपा. बहुतेक वेळा दोन्ही एकदम.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला भटक्या-विमुक्तांमुळे माहीत आहे. त्याचा दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. तो हिजड्यांबद्दल होता. संशयितांची नावं आणि पत्ते नोंदवहीत लिहायचे, मालमत्तेची यादी मागायची, नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यात बाईच्या कपड्यांत दिसायचं नाही, नाचायचं नाही, गायचं नाही. हा भाग प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. म्हणजे सरकारदरबारी तुमचं सगळं उघड, आणि रस्त्यावर तुम्ही दिसायचं नाही. आपल्या विषयपत्रिकेवरचा प्रश्न इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वीच दोन्ही बाजूंनी सोडवून टाकला होता!

तो कायदा गेला. मग आजचं बघू. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नालसाच्या, खटल्यात सांगितलं, की माणसाचा लिंगभाव कोणता हे ते माणूस ठरवेल आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती चालणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दोन निकाल एकावर एक ठेवा. पहिला म्हणतो, तू कोण ते तू ठरव. दुसरा म्हणतो, ते कुणाला सांगायचं तेही तूच ठरव. किती सुंदर!

आणि मग तुम्ही नाव बदलायला जाता. कचेऱ्या राजपत्र मागतात. महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, त्यात जुनं नाव, नवं नाव, शेजारी शेजारी छापलेलं, आणि आता तर घरबसल्या कुणालाही पाहता येणारं. डिलन यांना निदान दोन पुस्तकं शेजारी ठेवावी लागली. इथे सरकार एकाच ओळीत काम उरकतं. मग दहावीच्या गुणपत्रिकेवर पहिलं नाव, पदवीवर दुसरं. बँकेतला कारकून विचारतो, ही कोण? माझी एकही केस अशी नाही जिथे हा प्रश्न काउंटरवर, मागे रांग उभी असताना विचारला गेला नाही. आवाज खाली घेऊन विचारला असता तर निम्मं काम झालं असतं.

२०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेण्याची वाट घालून दिली. पण कशी? त्या वेळच्या तरतुदीनुसार अर्ज केला की ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून प्रमाणपत्र. स्त्री किंवा पुरुष म्हणून हवं असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचा वैद्यकीय दाखला आणा. म्हणजे ज्याला चारचौघांसारखं जगायचं त्याने आधी ऑपरेशन टेबलावर चढायचं. पैसे नाहीत, तब्येत साथ देत नाही, किंवा साधं मन नाही, तर ओळखपत्रच तुमची ओळख जाहीर करत फिरणार. कायदा लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा पाहा. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की संमतीशिवाय कुणाची स्थिती कुणी उघड करायची नाही. पूर्वेतिहासाला तसं थेट संरक्षण देणारं कलम २०१९ मध्ये घालता आलं असतं. घातलं नाही.

आता दुसऱ्या बाजूला न्याय द्यायला हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी गप्प बसायचाच सल्ला देतेय. तसं नाही.

नालसाचा निकाल आकाशातून पडला नाही. कुणीतरी आपलं नाव घालून, चेहरा दाखवून न्यायालयात उभं राहिलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी उभ्या राहिल्या आणि मराठीत ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’मधून आपली गोष्ट सांगून मोकळ्या झाल्या. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत मालवणी भागात काम उभं केलेल्या गौरी सावंत उभ्या राहिल्या. दिशा पिंकी शेख कविता लिहितात आणि राजकीय व्यासपीठावरून बोलतात. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी सरपंच थेट निवडून दिला. गावाने! शहरातल्या पुरोगाम्यांनी नाही. २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकानाच नाही म्हणून काही उमेदवार मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेले, राज्य सरकार तिथल्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी रकाना आला, शारीरिक चाचणीचे नियम करायची हमी द्यावी लागली. जो रकाना नव्हता तो नावानिशी भांडल्याशिवाय आला नसता. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ असा पर्याय दिला तेव्हा देशात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसं त्यात मोजली गेली. खरा आकडा किती मोठा असेल? मोजायला माणूस दारात आला तेव्हा किती घरांनी गप्प राहणं पसंत केलं असेल?

त्यामुळे उघडपणे जगणाऱ्यांचं ऋण आहे. सगळ्यांवर आहे, गुपचूप जगणाऱ्यांवर तर सर्वांत जास्त. काहींनी अंगावर झेललं म्हणून बाकीच्यांना शांतपणे नोकरी करता येते. ट्रान्स चळवळीत यावरून कडवट वादही होतात. जी उघड आहे ती म्हणते, तू माझ्या पाठीआड लपतेस. जी लपली आहे ती म्हणते, तुझ्यामागे जमात आहे, मंच आहे, माझ्यामागे फक्त भाडेकरार. मी या वादात न्यायाधीश व्हायला तयार नाही. एवढं मात्र दिसतं, की उघड होण्याची किंमत एकसारखी नाही. जान मॉरिस या ब्रिटिश लेखिकेने १९७४ मध्ये आपलं स्थित्यंतर पुस्तक लिहून जगाला सांगितलं आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं मानाने लिहीत राहिली. एव्हरेस्ट सर झाल्याची १९५३ ची बातमी जगाला देणारा वार्ताहर म्हणून तिचं नाव आधीच झालेलं होतं. ज्याचं नाव आधी झालंय त्याला नाव बदलणं परवडतं.

उलट कोचीचं उदाहरण. २०१७ मध्ये कोची मेट्रोने ट्रान्स कर्मचारी नेमले, जाहीरपणे नेमले, देशभर कौतुक झालं. आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यातल्या काहींनी नोकरी सोडली. का? शहरात खोली मिळेना. वर्तमानपत्रात फोटो छापला होता ना, घरमालकांनीही पाहिला होता. कंपनीने माणसं उघड केली, शहराने दारं उघडली नाहीत.

आणि शाळा. एका ट्रान्स शिक्षिकेला उत्तर प्रदेशातल्या शाळेतून काही दिवसांतच बाहेर पडावं लागलं. गुजरातमधल्या शाळेने तिला नेमणूक देऊ केली आणि ओळख कळल्यावर मागे घेतली. ती शिक्षिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तिला भरपाई दिली आणि नोकरीत समान संधीचं धोरण आखण्यासाठी समिती नेमली. चांगला निकाल आहे. पण शिकवायला गेलेल्या बाईला शिकवता यावं म्हणून देशभर ओळखीचं व्हावं लागलं. तिला उघडपणे जगायचं होतं का, हे कुणी विचारलं?

माझं बोलणं इथे संपतं. अध्यक्षांकडे चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतली एक घेते. चिठ्ठीवर नाव नाही आणि ते बरंच आहे. लिहिलंय: ‘माझ्या बहिणीची मुलगी आता मुलगा म्हणून राहते. बहिणीला आणि मला माहीत आहे, गावाकडच्यांना नाही. माझ्या मुलीचं लग्न आहे. पत्रिकेत नाव कोणतं घालू? पाहुण्यांना आधीच सांगून ठेवू का, म्हणजे मांडवात प्रश्न येणार नाहीत?’

मावशी, पाहुण्यांना काही सांगू नका. पत्रिका छापखान्यात टाकण्याआधी त्याला फोन करा. गावी यायचंय का, विचारा. येणार असेल तर कुठलं नाव घालू, विचारा. नवं म्हणाला तर नवं, नावच नको म्हणाला तर नको, ‘आपला नम्र’च्या खाली तसंही कुणी मोजत नाही. कुणाला काय सांगायचं आणि मांडवात मोठ्या काकांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं की तो देणार, तेही आधीच ठरवून घ्या. आणि फोन आजच करा. लग्नसराईचे दिवस आहेत, छापखानेवाले ऐन वेळी दुरुस्त्या घेत नाहीत.